स्तोत्रसंहितेतील ‘मी’ आणि त्याचा भरवसा

जुन्या करारातील स्तोत्रसंहिता हा ग्रंथ दोन ठिकाणी वाचला जातो. एक ठिकाण म्हणजे उपासनेला जमलेली मंडळी; दुसरे म्हणजे एकट्या माणसाची खोली. विसाव्या शतकातील बायबलाभ्यासाने यांपैकी पहिल्या ठिकाणावर इतका भर दिला, की दुसऱ्या ठिकाणी चालणारे वाचन हे भाबडे, किंबहुना गैरसमजावर आधारलेले आहे, असा ग्रह अभ्यासकांच्या वर्तुळात रूढ झाला. उलटपक्षी, एकांतात स्तोत्रे वाचणाऱ्या भाविकाने या अभ्यासाची फारशी दखल घेतली नाही. त्याला धीर देणारी दहा-पंधरा स्तोत्रे पुरेशी वाटत आली आहेत. स्तोत्रांची भाषा बारकाईने पाहिली असता या दोन्ही भूमिका अपुऱ्या ठरतात. हा प्रश्न मुख्यतः एका सर्वनामाचा आणि एका क्रियापदाचा आहे.

ग्रंथाचे बाह्यरूप सुपरिचित आहे. एकूण १५० स्तोत्रे, पाच भागांत विभागलेली. प्रत्येक भागाच्या शेवटी स्तुतिवचन. हिब्रू परंपरेत ग्रंथाचे नाव ‘तेहिल्लीम’, म्हणजे स्तुती, असे आहे. परंतु नाव आणि आशय यांत एक विसंगती आहे, आणि ती प्रारंभीच लक्षात घेतलेली बरी. जर्मन पंडित हेर्मान गुंकेल यांनी स्तोत्रांचे प्रकारशः वर्गीकरण केले. १९२६ सालचे त्यांचे भाष्य आणि त्यांच्या मृत्यूनंतर योआखिम बेग्रिख यांनी पूर्ण करून १९३३ साली प्रसिद्ध केलेली प्रस्तावना हे या अभ्यासाचे पायाभूत ग्रंथ होत. या वर्गीकरणात संख्येने सर्वांत मोठा वर्ग निघाला तो स्तुतीचा नव्हे, तर एकट्याच्या विलापाचा. ‘भरवशाची स्तोत्रे’ म्हणून जो छोटा वर्ग गुंकेल यांनी वेगळा काढला, त्याचा उगमही त्यांनी विलापातच दाखविला: विलापगीतात मध्येच येणारे विश्वासाचे उद्गार कालांतराने सुटे होऊन स्वतंत्र स्तोत्रे बनली. ही उपपत्ती ऐतिहासिक दृष्ट्या सिद्ध करणे कठीण आहे. पण वाचकाच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे. भरवसा हा विलापाच्या पोटी जन्मतो, असे तिचे तात्पर्य निघते.

आता सर्वनामाकडे वळावे. हा ‘मी’ कोण? १८८८ साली रूडोल्फ स्मेंड यांनी असे प्रतिपादन केले, की स्तोत्रांतील ‘मी’ व्यक्ती नसून समग्र इस्राएल समाज आहे. १९१२ साली एमिल बाला यांनी त्याचे सविस्तर खंडन करून ‘मी’ हा खराच एक माणूस असल्याचे दाखविले. पुढे सिग्मुंड मोविंकेल यांनी स्तोत्रांची सांगड मंदिरातील विधींशी घातली. त्यांच्या मते ही गीते कोणा एकाच्या अंतःकरणातून सहज स्फुरलेली नसून उपासनाविधीसाठी रचलेली आहेत. म्हणजे ‘मी’ व्यक्ती असली तरी ती विधीतील व्यक्ती. कोणीही आजारी, कोणीही आरोपित, कोणीही शरणागत.

वादाचे स्वरूप पाहता असे दिसते, की दोन्ही पक्षांनी सर्वनामाला नामासारखे वागविले. ‘मी’ या शब्दाला कोशात शोधण्याजोगा वाच्य विषय नसतो. जो बोलतो तो ‘मी’. १९५६ साली एमील बाँव्हेनिस्त यांनी आणि १९५७ साली रोमान याकोब्सन यांनी हे तत्त्व भाषाशास्त्रात स्पष्टपणे मांडले. कोणी उच्चार करीपर्यंत हे सर्वनाम रिकामे असते. हे मान्य केल्यास विधीसाठी रचलेले गीत आणि एकांतातील प्रार्थना यांत जो विरोध कल्पिला गेला तो बराचसा निराधार ठरतो. विधीत वापरावयाचे गीत अनेकांच्या तोंडी बसावे म्हणून त्यातील ‘मी’ मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. आणि तो मोकळा असल्यामुळेच, मंदिर उरले नाही तरी, एकट्या वाचकाला त्यात शिरता येते. चौथ्या शतकात अथानासियसने मार्सेल्लिनुसला लिहिलेल्या पत्रात हेच निराळ्या शब्दांत सांगितले आहे. इतर शास्त्रग्रंथांतील वचने वाचक दुसऱ्याची म्हणून वाचतो, स्तोत्रे मात्र तो स्वतःची म्हणून उच्चारतो, असा त्याचा आशय आहे. व्याकरणाची परिभाषा त्याच्यापाशी नव्हती. निरीक्षण अचूक होते.

या मोकळेपणाला खुद्द ग्रंथातही एक पुरावा आहे. ७३ स्तोत्रांच्या शिरोलेखात दाविदाचे नाव येते. पण ते ज्या ‘ल’ या उपसर्गाने जोडलेले आहे त्याचे ‘ने रचलेले’, ‘साठी’, ‘संबंधी’, ‘च्या संग्रहातील’ असे अनेक अर्थ संभवतात. त्यांपैकी १३ शिरोलेखांत दाविदाच्या चरित्रातील विशिष्ट प्रसंग नमूद आहेत: मुलापासून पळून जाताना, गुहेत लपला असताना, नाथानाने कानउघाडणी केल्यावर. १९७१ साली ब्रेव्हर्ड चाइल्ड्स यांनी दाखविले, की हे प्रसंगनिर्देश उत्तरकालीन भाष्यकारांनी, स्तोत्राचा मजकूर आणि दाविदाची कथा यांचा मेळ घालून, जोडले असावेत. याचा अर्थ त्यांना अप्रमाण मानून बाजूला सारावे असा नाही. एका निनावी ‘मी’च्या जागी एक ओळखीचा माणूस, त्याच्या ओळखीच्या संकटासह, बसवून पाहण्याचा हा प्राचीन प्रयत्न आहे. वैयक्तिक वाचनाची सर्वांत जुनी उदाहरणे हीच म्हणावयास हरकत नाही.

मराठी वाचकाला येथे एक तुलना सहज सुचेल. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा असते. तुका, नामा, जनी यांची नावे उच्चारूनच गाणारा थांबतो. अभंगातील ‘मी’ हा त्यामुळे मालकीचा ‘मी’ आहे. गाणारा तो उसना घेतो आणि शेवटी ज्याचा त्याला परत करतो. जनाबाईचा अभंग गाणारा पुरुष वारकरी स्त्रीलिंगी क्रियापदे बिनदिक्कत उच्चारतो, कारण मुद्रेने ती कोणाची हे सांगितलेले असते. स्तोत्राच्या अंगात अशी मुद्रा नाही. त्यातच हिब्रूमध्ये प्रथमपुरुषी क्रियारूपांना लिंगभेद नाही. धातुसाधित विशेषणे वगळता ‘मी’ स्त्री की पुरुष हे रूपावरून कळत नाही. मराठीची स्थिती याच्या उलट आहे. ‘मी भरवसा ठेवतो’ म्हटले की दार अर्धे लागले. ‘ठेवते’ म्हटले तरी तेच. ‘ठेवीन’ आणि ‘ठेवला आहे’ या रूपांत मात्र ते उघडे राहते. पहिल्यात भविष्यकाळाला लिंग नाही म्हणून, दुसऱ्यात क्रियापद कर्माशी जुळते म्हणून. भाषांतरकाराने काळ कोणता निवडावा या प्रश्नाचा अर्थाइतकाच या मोकळेपणाशी संबंध आहे, आणि त्याचा विचार व्हावयास हवा होता तितका झालेला नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावी राहून हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पुरे छापून झाले, म्हणजे मराठीत स्त्रीने केलेले भाषांतरही उपलब्ध आहे. या एका मुद्द्यासाठी जरी विद्यार्थ्यांनी ते इतर भाषांतरांशी ताडून पाहिले तरी श्रम वाया जाणार नाहीत.

क्रियापदाकडे येऊ. श्रद्धा या अर्थी जुन्या करारात प्रसिद्ध असलेला ‘हेएमीन’ हा शब्द, ज्याच्या धातूपासून ‘आमेन’ बनला, स्तोत्रसंहितेत अगदी थोड्या वेळा येतो; आणि त्यातही बहुतांशी ७८व्या व १०६व्या या ऐतिहासिक स्तोत्रांत, पूर्वजांनी विश्वास ठेवला नाही हे सांगण्यासाठी. स्तोत्रांचे स्वतःचे शब्द दुसरे: ‘बाटह’, जो चाळीसहून अधिक वेळा येतो, आणि ‘हासा’, म्हणजे आसऱ्याला जाणे. ‘बाटह’ हा मुळात धार्मिक शब्द नव्हे. माणूस धनावर, धनुष्यावर, अधिपतींवर, ज्याच्याबरोबर जेवला त्या मित्रावर ‘बाटह’ करतो. त्याचेच नाम ‘बेटह’ हे निर्धास्तपणे राहणे, निर्धास्तपणे झोपणे यासाठी वापरले जाते. इतकेच नव्हे, तर शास्ते या पुस्तकात लईश गावचे लोक असेच निर्धास्त राहत होते आणि त्यामुळेच शत्रूने त्यांचा फडशा पाडला. तेथे हाच धातू आहे. म्हणजे गाफीलपणाची छटाही त्यात आहे. ११८व्या स्तोत्रात तर मनुष्यावरील भरवशासाठी ‘बाटह’ आणि देवाच्या आसऱ्यासाठी ‘हासा’ असे दोन शब्द समोरासमोर ठेवले आहेत. जणू पहिल्या शब्दाचे धोके कवीला ठाऊक आहेत.

ग्रीक भाषांतरकारांनी स्तोत्रांत या ‘बाटह’साठी विश्वासवाचक प्रसिद्ध क्रियापद वापरले नाही, आशा करणे किंवा खात्री बाळगणे या अर्थाचे शब्द वापरले. त्या ग्रीक पाठावर आधारलेल्या जेरोमच्या लॅटिन स्तोत्रग्रंथातही बहुधा आशेचाच शब्द आला, आणि पश्चिम युरोपातील मठवासी शतकानुशतके तोच ग्रंथ म्हणत आले. एका सुरक्षिततेच्या शब्दाचा अशा रीतीने भविष्याकडे पाहणारा शब्द झाला. मराठीत ‘विश्वास’, ‘श्रद्धा’, ‘भाव’, ‘भरवसा’ हे चार पर्याय समोर येतात. ‘श्रद्धा’ फार उंचावरचा शब्द आहे. तो धनुष्यावर ठेवता येत नाही. ‘भाव’ गोड असला तरी त्यात सुरक्षिततेचा अर्थ नाही. ‘विश्वास’ या शब्दाच्या मुळाशी श्वास मोकळा होणे ही कल्पना आहे आणि ती ‘बाटह’ला जवळची आहे, पण आजच्या वापरात ती लोपली. पावसाचा भरवसा नाही, माणसाचा भरवसा नाही, असे म्हणणाऱ्या भाषेत ‘भरवसा’ हाच शब्द मूळ शब्दाइतका व्यवहारातला आणि म्हणून प्रार्थनेत तितकाच धाडसाचा आहे.

या शब्दाचा सर्वांत विलक्षण उपयोग २२व्या स्तोत्रात आढळतो. स्तोत्राचा आरंभ देवाने टाकून दिल्याच्या आक्रोशाने होतो. लगेच चौथ्या आणि पाचव्या वचनांत ‘बाटह’ तीनदा येतो. पण तिन्ही वेळा त्याचे कर्ते पूर्वज आहेत. त्यांनी भरवसा ठेवला, त्यांची सुटका झाली. बोलणारा स्वतःविषयी हे क्रियापद उच्चारीत नाही. पुढच्याच वचनात तो स्वतःला किडा म्हणतो. ज्याला परंपरेतील विश्वास ठाऊक आहे पण स्वतःपाशी तो सापडत नाही, अशा माणसाचे हे बोलणे आहे. मग नवव्या वचनात तोच धातू प्रयोजक रूपात पुन्हा येतो, आणि आता कर्ता देव आहे: आईच्या अंगावर पीत असता देवानेच या मुलाला निर्धास्त केले. मराठीत ‘भरवसा ठेवावयास लावलेस’ असे म्हटले तर सक्तीचा वास येतो. ‘निर्धास्त निजविलेस’ हे मुळाच्या अधिक निकट जाईल. ग्रीक भाषांतरात येथे क्रियापदाऐवजी ‘आशा’ हे नाम आले आणि प्रयोजक अर्थ नाहीसा झाला. तो नाहीसा होणे ही लहान हानी नव्हे. ज्याला आज भरवसा ठेवता येत नाही त्याला स्तोत्र असे सांगत नाही की प्रयत्न कर. ते त्याला सांगते की हे क्रियापद तुझ्या बाबतीत पूर्वी एकदा घडून गेले आहे, आणि ते करणारा तू नव्हतास.

याच स्तोत्रात एकविसाव्या वचनाच्या शेवटी एकाएकी स्वर पालटतो. सिंहाचे तोंड, रानबैलांची शिंगे यांपासून सोडविण्याची याचना चालू असता एक भूतकाळी क्रियापद येते: देवाने उत्तर दिले. त्यानंतर स्तुतीच स्तुती. हा पालट कशाने झाला? १९३४ साली बेग्रिख यांनी असे अनुमान केले, की मंदिरात विलाप संपल्यावर पुरोहित देवाच्या वतीने अभयवचन उच्चारीत असे. ते स्तोत्रात लिहिले गेले नाही, त्याचा परिणाम तेवढा दिसतो. अनुमान चतुर आहे आणि बहुतांना पटले; परंतु अलिखित वचनावर उभे असल्यामुळे ते कायमचे अनुमानच राहणार. शिवाय ग्रीक पाठात या जागी उत्तराचा उल्लेख नसून दैन्याचा आहे, म्हणजे प्राचीन वाचकांनाही ही जागा अडखळविणारी वाटली असावी. पुरोहित नसलेल्या खोलीत वाचणाऱ्याला या पालटाचे कारण स्तोत्रात मिळत नाही. त्याला ही रिकामी जागा रिकामीच ओलांडावी लागते.

१३व्या स्तोत्रात, अवघ्या सहा वचनांत, हीच रचना आटोपशीर रूपात दिसते. ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा, मग याचना, मग ‘पण मी’ असा वळसा घेऊन ‘बाटह’चे पूर्णकाळी रूप. क्लाउस वेस्टरमान यांनी या ‘पण’कडे विशेष लक्ष वेधले होते. पूर्णकाळ असल्यामुळे ‘भरवसा ठेवतो’ आणि ‘भरवसा ठेवला आहे’ ही दोन्ही भाषांतरे हिब्रू व्याकरणात बसतात. पण दुसरे स्वीकारल्यास अर्थ गहिरा होतो. चार वेळा ‘कोठवर’ विचारताना भरवसा नव्हता आणि आता उत्पन्न झाला, असे नाही. तो आधीपासून ठेवलेला होता, आणि म्हणूनच तक्रार करता आली. ज्याच्यावर भरवसा नाही त्याला कोणी ‘कोठवर’ विचारीत नाही. ५६व्या स्तोत्रातही भीतीचा दिवस आणि भरवसा हे एकाच वचनात शेजारी बसलेले आहेत. भय गेल्यावर भरवसा, असा क्रम तेथे नाही.

एवढे पाहिल्यावर सर्वपरिचित २३व्या स्तोत्राकडे यावे. त्यात ‘बाटह’ नाही, ‘हासा’ही नाही, तरी ते भरवशाचे स्तोत्र मानले जाते ते योग्यच आहे. प्रारंभी देव ‘तो’ आहे: चारतो, नेतो, जीव परत आणतो. दाट अंधाराची दरी येताच ‘तो’चा ‘तू’ होतो. हा पालट सोबतीचा निर्देश करणाऱ्या तीन शब्दांवर होतो, आणि शिरोलेख सोडून मोजल्यास त्यांच्या आधी २६ व नंतर २६ हिब्रू शब्द आहेत. देवाच्या चतुरक्षरी नामाची संख्याही २६ होते, म्हणून यात काही गूढ हेतू असल्याचे सांगण्यात येते. ती गोष्ट ज्याने त्याने ठरवावी. मध्यस्थान मात्र निर्विवाद आहे. देवाविषयी बोलणे सुखात जमते, देवाशी बोलणे दरीत सुरू होते, ही या स्तोत्राची रचना आहे. शेवटच्या वचनात चांगुलपणा आणि ‘हेसेद’ यांना जे क्रियापद दिले आहे ते ‘मागे येणे’ इतके मवाळ नाही. शत्रू पाठलाग करतो त्यासाठी इतरत्र हेच क्रियापद येते. ज्याच्या समोर वैरी बसले आहेत त्याच्या पाठीवर आता कृपा लागली आहे. भाषांतरांत हा शब्द बहुधा सौम्य केला जातो आणि स्तोत्र मेंढरांच्या चित्रासारखे निरुपद्रवी होऊन जाते.

येथे भाविक वाचनाच्या प्रचलित पद्धतीविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. धीर देणारी वचने निवडून त्यांची नित्यपाठावली करण्याची प्रथा सर्वत्र आहे. प्रसंगानुसार स्तोत्रे सुचविण्याचा प्रघात जुना आहे, अथानासियसच्या त्या पत्रातही अशी लांबलचक यादी आहे. पण ती यादी विलाप, पश्चात्ताप आणि वैऱ्यांविरुद्धची गाऱ्हाणी यांना वगळीत नाही. १९७१ साली रोमन कॅथलिक मंडळीच्या सुधारित नित्योपासनेतून ५८, ८३ आणि १०९ ही तीन शापस्तोत्रे संपूर्ण, आणि इतर काहींची कडवट वचने, गाळण्यात आली. कारण समजण्याजोगे आहे. तथापि ज्याच्यावर खरोखरच अन्याय झाला आहे त्याच्या तोंडचे शब्द त्याने काढून घेतले, आणि उरलेला भरवसा कोणत्या संकटातील हे सांगणारे कोणी राहिले नाही. याच्या तुलनेत बेनेदिक्तच्या मठनियमातील आठवड्यात दीडशे स्तोत्रांचा क्रम, अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातील तीस दिवसांची विभागणी, किंवा यहुदी परंपरेतील सप्ताहभराचे ‘तेहिल्लीम’पठण या पद्धती अधिक शहाण्या वाटतात. घरी मराठी बोलणारे कोकणातील बेने इस्राएलही ही स्तोत्रे हिब्रूत म्हणत आले. क्रमाने म्हणणाऱ्याला आनंदाच्या दिवशी विलाप आणि शोकाच्या दिवशी स्तुती उच्चारावी लागते. त्या दिवशी तो ‘मी’ त्याचा नसतो, कोणा दुसऱ्या दुःखिताचा असतो, आणि तोही त्याला म्हणावाच लागतो.

निवडक पाठावल्यांत सहसा न आढळणारे ८८वे स्तोत्र या दृष्टीने कसोटीचे आहे. त्यात भरवशाचे एकही क्रियापद नाही, ‘पण मी’ हा वळसा नाही, आणि मूळ हिब्रूत शेवटचा शब्द अंधार हा आहे. तरीही ते आरंभीच्या संबोधनात देवाला तारणाशी जोडते आणि रोज, सकाळी, हाक मारीत राहते. अर्थात त्याला भरवशाचे स्तोत्र म्हणणे हा शब्दच्छल होईल. विलाप तो विलापच. परंतु संपादकांनी ते संग्रहात ठेवले, गाळले नाही.

याच्या अगदी उलट टोकाला १३१वे स्तोत्र आहे. तीन वचनांचे, आरोहणगीतांपैकी एक. त्यातही ‘बाटह’ नाही. आईच्या अंगावर असलेल्या मुलाची प्रतिमा येथे पुन्हा येते, मात्र हे मूल दूध तुटलेले आहे. २२व्या स्तोत्रातील तान्हे दुधासाठी बिलगलेले होते. याला आता काही नको आहे आणि तरी ते तेथेच आहे. मुळातील एका संबंधदर्शक शब्दामुळे, हे मूल बोलणाऱ्याच्या स्वतःच्या अंगावर असल्याचाही अर्थ निघतो, आणि त्यावरून काही अभ्यासकांनी हे स्तोत्र एखाद्या मातेच्या तोंडचे असावे असे सुचविले आहे. शिरोलेखात नाव दाविदाचे आहे. हिब्रू क्रियापदे दोन्ही शक्यता राखून ठेवतात. मराठीत पहिल्या वचनातील ‘मी वावरलो नाही’ हे रूप लिहिताच आई बाहेर पडते. दुसऱ्या वचनातील ‘मी आपला जीव शांत केला आहे’ या रूपात ती पुन्हा आत येऊ शकते.